घरी बसून काम करताना स्वेटर घालूनही थंडी का वाजते? खरेदीआधी हे गणित बघा

सकाळी सहाची शिफ्ट असली की डिजिटल डेस्कवरच्या माणसाला उजाडायच्या आत लॅपटॉप उघडावा लागतो. मी नाशिकहून, घरूनच ही शिफ्ट करते. डिसेंबर-जानेवारीत पहिली बातमी बहुतेक ठरलेली असते : निफाडचा पारा घसरला, नाशिककर गारठले. ती टाइप करताना बोटं इतकी आखडलेली असतात की 'गारठले'चं 'गाठले' होतं आणि पलीकडून पुण्याच्या डेस्कवरचा सहकारी विचारतो, "काय गाठले?"

बातमीत जो आकडा असतो तो बाहेरचा. घरात बसून काम करणाऱ्याचा संबंध आतल्या आकड्याशी असतो. आमच्या हॉलमध्ये टेबलावर एक छोटा डिजिटल थर्मामीटर ठेवलाय. थंडीच्या दिवसांत सकाळी सहाला तो १६ ते १७ अंश दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं म्हटलंय. म्हणजे आपल्याकडची बरीच घरं हिवाळ्यातल्या सकाळी या रेषेच्या खाली असू शकतात. आपली घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. फरशी गार, खिडक्यांच्या फटी मोकळ्या, हीटर नाही. वर्षातले दहा महिने हे सगळं सोयीचंच असतं.

दोन वर्षांपूर्वी मी यावर सोपा उपाय काढला. एका ऑनलाइन सेलमध्ये 'मायनस १० अंशांपर्यंत उबदार' असं लिहिलेलं तीन हजारांचं जॅकेट घेतलं. ते घालून बसले, तरी पाय बर्फासारखे आणि बोटं तशीच आखडलेली. वर प्रत्येक कॉलवर त्या कापडाची खसखस ऐकू जायची. आतून टी-शर्ट, खाली ट्रॅक पँट, पाय अनवाणी. चूक जॅकेटची नव्हती, हे मला खूप उशिरा कळलं.

बसलेल्या माणसाला जास्त थंडी का वाजते?

आपलं शरीर हाच एक छोटा हीटर आहे. शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. या शांत बसण्याला अभियांत्रिकीत '१ मेट' म्हणतात. कीबोर्डवर टाइप करताना हा आकडा जेमतेम १.१ होतो. सावकाश चालायला लागलं की २ मेट. स्वयंपाक करताना १.६ ते २, घर झाडता-पुसताना त्याहूनही जास्त.

म्हणून त्याच घरात, त्याच वेळी, ओट्यापाशी पोळ्या लाटणारी आई म्हणते, "एवढी काय थंडी आहे गं?" आणि खुर्चीत बसलेली मी कुडकुडत असते. दोघींचंही खरं. तिचं शरीर माझ्या जवळपास दीडपट ते दुप्पट उष्णता तयार करत असतं.

ऑफिसला जाताना जिने, बस, पार्किंग, कँटीन अशी थोडी तरी हालचाल व्हायची. घरून काम करताना पलंग ते खुर्ची हे अंतर सहा पावलांचं. थंडीसाठी सगळ्यात वाईट काळ पहाटे ते सकाळी नऊ, आणि नेमकं तेव्हाच आपण सगळ्यात कमी हलतो.

त्या जॅकेटच्या आकड्यालाही हेच लागू होतं. थंडीत काम करणाऱ्यांच्या कपड्यांसाठी युरोपात ईएन ३४२ नावाचं मानक आहे. त्यात एकाच कपड्यासाठी तापमानाचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात : नुसतं उभं असताना, हलकं काम करताना, मध्यम काम करताना. सेलमधल्या जॅकेटवरचा 'मायनस १०' नक्की कुणासाठी, चालणाऱ्यासाठी की बसणाऱ्यासाठी, हे लेबलवर कुठेच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

'क्लो' म्हणजे काय?

कपड्याची ऊब मोजायला एक एकक आहे, त्याचं नाव क्लो. १९४१ साली 'सायन्स' या नियतकालिकात तीन शास्त्रज्ञांनी ते मांडलं. २१ अंशांच्या खोलीत, वारा जवळपास नसताना, शांत बसलेल्या माणसाला आरामात ठेवतील एवढे कपडे म्हणजे १ क्लो. डोळ्यांसमोर आणायचं तर त्या काळातल्या साहेबाचा पूर्ण सूट.

खोली २१ पेक्षा गार असेल तर क्लो वाढवावे लागतात. ढोबळ नियम असा की बसून काम करणाऱ्यासाठी कपड्यात ०.१ क्लोची भर म्हणजे सुमारे ०.६ अंश थंडी जास्त सोसता येते. आता १७ अंशांचा आमचा हॉल घ्या. २१ पेक्षा ४ अंश कमी. म्हणजे सुमारे १.६७ क्लो हवेत.

वातानुकूलन क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या ॲशरे ५५ या मानकात प्रत्येक कपड्याचे क्लो दिलेले आहेत. टी-शर्ट ०.०८. जाड ट्रॅक पँट ०.२८. पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटर ०.३६. आतले कपडे ०.०४. हा सकाळी सहाचा आपल्यातल्या बहुतेकांचा पोशाख. बेरीज करा : ०.७६. म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी. स्वेटर आहे, तरी थंडी वाजते, याचं उत्तर एवढंच आहे.

मग यावर आणखी एक स्वेटर घ्यायचा का? बरेच जण तेच करतात. त्याऐवजी त्याच तक्त्यातून वेगळी निवड करून बघू. पूर्ण बाह्यांचं थर्मल इनर ०.२०, त्याचीच खालची पँट ०.१५, त्यावर फ्लॅनेलचा पूर्ण बाह्यांचा शर्ट ०.३४, तीच ट्रॅक पँट ०.२८, वर जाड हाफ स्वेटर ०.२२, मोजे ०.०३, घरात घालायच्या आतून मऊ सपाता ०.०३, आणि आतले कपडे ०.०४. एकूण १.२९. यात एकही वस्तू भारी नाही. बाहेरून बघणाऱ्याला शर्ट आणि हाफ स्वेटर एवढंच दिसतं, व्हिडिओ कॉलला चालून जातं. उरलेल्या फरकासाठी मांडीवर चादर किंवा अंगावर शाल. चादरीचा आकडा या तक्त्यात नाही, पण आमच्या हॉलमध्ये तेवढ्याने भागतं.

हे आकडे सुट्या कपड्यांचे आहेत, बेरीज अंदाजे समजायची. माणसामाणसांत फरक असतोच. पण खर्च कुठे करायचा हे त्यातून स्पष्ट दिसतं : पायांवर. कमरेवर आपण तीन-तीन थर चढवतो आणि कमरेखाली एकच.

खुर्चीचेही क्लो असतात!

हे वाचून मला हसू आलं होतं. त्याच मानकात खुर्च्यांचा छोटा तक्ता आहे. गादी असलेली साधी ऑफिसची खुर्ची ०.१० क्लोची भर घालते, मोठी साहेबी खुर्ची ०.१५. जाळीची खुर्ची : शून्य. लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी पाठीला हवा लागावी म्हणून जाळीच्या खुर्च्या घेतल्या. मे महिन्यात तो निर्णय बरोबर असतो. जानेवारीत तीच हवा पाठीला लागते. तीवर एक घडी केलेली गोधडी पाठीपासून बैठकीपर्यंत टाकली की काम होतं. माझ्या खुर्चीवर आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आहे. कॅमेऱ्यात तिची किनार दिसते. एका सहकाऱ्याने ती कुठून मागवली म्हणून लिंक मागितली होती.

पाय आणि बोटं यांचं काय?

फरशीचं तापमान खोलीइतकंच असतं, तरी ती चटईपेक्षा गार लागते. कारण टाइल किंवा शहाबादी पायाची उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि चटई सावकाश. म्हणून सपातांआधी टेबलाखाली सतरंजीची चौपदरी घडी टाकून बघा. पैसे लागत नाहीत आणि फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

मोज्यांबाबत एक चूक मी स्वतः केलेली आहे. एकावर एक दोन जोड चढवले आणि पाय आणखी गार पडले. ऊब खरं तर कापडापेक्षा त्यात अडकलेल्या हवेची असते. घट्ट चढवलेल्या दुसऱ्या मोज्याने ती हवा दाबली जाते, आणि फारच आवळलं तर रक्तपुरवठाही कमी होतो. एकच, जरा सैल, जाड मोजा बरा. पायाला घाम येणाऱ्यांनी दुपारी मोजे बदलावेत. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओलसर मोजा असून नसल्यासारखा.

बोटांचं गणित जरा उलटं आहे. शरीराला थंडी जाणवली की ते आधी छाती-पोटातले अवयव जपतं आणि हातापायांच्या बोटांकडे जाणारं रक्त कमी करतं. म्हणजे बोटं गार पडतात तेव्हा दुखणं बऱ्याचदा बोटांत नसून अंगावरच्या कपड्यांत असतं. आधी धड आणि पाय झाका, मग मनगटं. बाह्या मनगटाच्या पुढे येतील एवढ्या लांब घ्या. त्यानंतरही टाइप करताना त्रास झाला तर अर्ध्या बोटांचे हातमोजे आहेतच, सायकलवाल्यांसारखे जाड नकोत, विणलेले घ्या. कानटोपीला लाजू नका. कॅमेरा बंद असेल तेव्हा माकडटोपीलाही.

बोटं पांढरी किंवा निळसर पडत असतील, बधिर होत असतील, किंवा घरात बाकी सगळे ठीक असताना तुम्हालाच सतत थंडी वाजत असेल, तर मात्र कपड्यांची खरेदी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड कमी असणं किंवा रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं यातही थंडी जास्त वाजते.

दुकानात काय बघायचं?

आपल्याकडे 'वुलन' हा शब्द फार सैल वापरला जातो. विणलेलं, जाड, हिवाळ्यात मिळणारं ते सगळं वुलन. आत लेबल उलटून बघा. बहुतेक वेळा तिथे ॲक्रिलिक लिहिलेलं सापडेल, काही वेळा थोडी लोकर मिसळलेली. ॲक्रिलिक वाईट नाही. हलकं असतं, स्वस्त असतं, मशिनमध्ये धुता येतं. पण लोकरीच्या भावाने ॲक्रिलिक घेऊ नये. लोकर हवेतला दमटपणा बराच शोषते आणि तरी ओली लागत नाही, म्हणून ती दिवसभर अंगावर बरी वाटते. ॲक्रिलिकमध्ये घाम तसाच राहतो आणि दोन-चार धुण्यांत काखेत गोळे येतात.

लेबलच नसेल तर घरी आणल्यावर शिवणीतला एक सुटा धागा काढून चिमट्यात धरून, बेसिनपाशी जाळून बघता येतो. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. दुकानात हा प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

हिवाळ्यात आपल्या अनेक शहरांत तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटरचे बाजार लागतात. तिथला बराच माल लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांतला असतो. तिथे एक फायदा आहे जो ॲपवर नाही : हात लावून बघता येतं. कापड मुठीत दाबा आणि सोडा. लगेच फुगून वर आलं तर त्यात हवा धरायची ताकद आहे. दबलेलंच राहिलं तर ते नुसतं जड आहे. आणि वजनाला फसू नका, फ्लीसचं हलकं जॅकेट जड स्वेटरपेक्षा उबदार असू शकतं.

थर्मल इनर अंगालगत हवं, पण आवळणारं नको. त्यावरचा प्रत्येक कपडा एक माप मोठा. सगळं आपल्या नेहमीच्या मापाचं घेतलं तर थर एकमेकांना दाबतात आणि मधली हवा जाते. ट्रेक करणारी मंडळी अंगालगत कॉटन नको म्हणतात. डोंगरावर घाम येतो, तिथे ते अगदी खरं. खुर्चीत घाम येत नाही. ज्यांना सिंथेटिक इनरने खाज सुटते त्यांनी कॉटनचं इनर खुशाल घ्यावं.

घरात आधीपासून असलेल्या गोष्टींकडेही बघा. सोलापुरी चादर कॉटनची, जाड विणीची, मांडीवर घ्यायला उत्तम, कारण ती घसरत नाही. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, टोचते म्हणून अंगाला लावू नका, पण कपड्यावरून पायांभोवती गुंडाळली तर तिच्याइतकं उबदार दुसरं काही मला तरी मिळालेलं नाही. शाल मात्र टाइप करताना सतत खांद्यावरून खाली येते. पाठीमागून घेऊन पुढे एका मोठ्या सेफ्टी पिनने अडकवा. साडी नेसून काम करणाऱ्यांचा प्रश्न कमरेपाशी असतो. पायांभोवती निऱ्यांचे भरपूर थर, पण पोट आणि पाठ उघडी. तिथे पूर्ण बाह्यांचं लांब इनर आणि वर स्वेटर हा उपाय बहुतेक घरांत आधीपासून चालू आहे. पायांत लेगिंग घातली तर आणखी चांगलं.

दुपारी मात्र हे सगळं काढावं लागतं. नाशिक-पुण्याच्या थंडीची खासियत म्हणजे पहाटे १० आणि दुपारी २८. म्हणून एकच जाड कपडा इथे गैरसोयीचा, काढला तर गारठा आणि ठेवला तर उकाडा. अकराला हाफ स्वेटर, बाराला फ्लॅनेल असं उतरत जाता यायला हवं. दुपारी बाहेर घरापेक्षा गरम असतं, तेव्हा खिडक्या उघडा, आणि ऊन कलायच्या आत बंद करा.

हीटर लावला तर?

लावता येतो, पण हिशोब करून. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. रोज आठ तास, महिन्यात २५ दिवस म्हणजे ४०० युनिट. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतात, त्यामुळे हे ४०० युनिट नेहमीच्या वापरावर जाऊन बसतात आणि वरच्या दराने आकारले जातात. त्या पैशात वर सांगितलेले कपडे घरातल्या दोघांचे होतात. गरम पाण्याची पिशवी स्वस्त पडते, पण मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालीय त्यांनी ती पायाशी ठेवू नये. चटका बसतोय हे कळत नाही. लॅपटॉप मांडीवरच्या चादरीत ठेवू नका, त्याचे हवेचे झरोके बंद होतात.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका : कोळशाची शेगडी बंद खोलीत. मागच्या हिवाळ्यात बाबांनी ती हॉलमध्ये आणली होती, मला थंडी वाजते म्हणून. दारं-खिडक्या अर्थातच लावलेल्या. तासाभरात दोघांचंही डोकं जड झालं. मला वाटलं जागरण, त्यांना वाटलं पित्त. आई स्वयंपाकघरातून आली आणि तिने आधी खिडक्या उघडल्या. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नाही म्हणून विस्तव सुरक्षित वाटतो, आणि लोक झोपेतच जातात. शेगडी अंगणातच.

चहा ठेवायला उठताना शाल, ओढणी, फ्लीसची सैल बाही यांच्याकडेही लक्ष असू द्या. सिंथेटिक कापड पेट घेतं तेव्हा वितळून कातडीला चिकटतं. उठताना शाल खुर्चीवर ठेवून जायची, ही सवय मी लावून घेतली आहे.

घरात आणखी कोण बसून आहे?

घरून काम करणाऱ्याला थंडी वाजते तेव्हा ती बोलून दाखवता येते. त्याच हॉलमध्ये, टीव्हीसमोर किंवा पेपर घेऊन, घरातली वयस्कर माणसंही तेवढाच वेळ हालचाल न करता बसलेली असतात. त्यांचं गणितही १ मेटचंच. वाढत्या वयात थंडीची जाणीव कमी होते आणि थंडीने रक्तदाब वाढतो, त्यामुळे "मला काही होत नाही" हे त्यांचं उत्तर पुरेसं मानू नये. शेगडीच्या त्या प्रकारानंतर मी माझ्यासोबत बाबांसाठीही इनरचा एक जोड आणि सपाता आणल्या. सपाता त्यांनी आठवडाभर खोक्यातच ठेवल्या. घरात चपला घालायच्या नाहीत, हे त्यांचं आयुष्यभराचं. शेवटी आईने त्या सोफ्याखाली ठेवल्या आणि देवघराकडे न्यायच्या नाहीत या अटीवर तडजोड झाली.

ते मायनस १० वालं जॅकेट आता बाबा वापरतात, पहाटे गंगापूर रोडला फिरायला जाताना. पंधरा मिनिटांत गरम होतं म्हणून पुढची चेन उघडी ठेवतात.